पाण्यात बुचकळलेला सांडस

नाना, परवा तुमच्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीला, मी भर मांडवात तोंड उघडलं. तेव्हापासून निम्मं सोनगीर माझ्याशी बोलत नाही, आणि उरलेलं निम्मं फारच बोलतं. सासूबाई बोलत नाहीत. तुमच्या अक्का तर माझ्याकडे बघतही नाहीत. म्हणून आज तुमच्याशीच बोलायला बसले. तुम्ही नेहमी म्हणायचात, "मंगल, तुना तोंडले भाता लायेल शे." खरंच होतं ते. पण जेव्हा बोलायला पाहिजे होतं तेव्हा तो भाता बंद पडला, त्याचं काय करू?

आठ महिने माझ्याकडे तुमच्यासाठी एकच वाक्य होतं. तुमचा हात गेलेला नाही नाना, सांडस माझ्या चुकीने तुटला. एवढंच. रोज दुपारी ओट्यावर चहाचा कप तुमच्या हातात देताना ते ओठांवर यायचं, आणि मी विचारायचे, "साखर बरोबर आहे ना?" तुम्ही मान हलवायचात. मी आत जाऊन कामाला लागायचे.

आता हे सगळं मांडायचं तर सुरुवातीपासून मांडायला हवं. तुम्हाला माहीत आहे ते सुद्धा सांगते, कारण ते सांगताना बरं वाटतं.

मी चाळीसगावची. वडील स्टेशनबाहेर सायकली दुरुस्त करायचे, त्यामुळे पाना-पक्कड मला नवी नव्हती. लग्न होऊन सोनगीरला आले. आमचे हे ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नाहीत. शेजारी तुमची भट्टी. तुमच्या कारभारणीचा, अक्कांचा, खांदा निखळला आणि तुमच्याकडे घण मारायला माणूस राहिलं नाही. आपल्या कामात कारागीर बसतो, डाव्या हातातल्या सांडसाने, म्हणजे लांब दांड्यांच्या चिमट्याने, तापलेलं लोखंड धरतो, उजव्या हातातल्या हातोडीने टिचकी मारून जागा दाखवतो, आणि समोर उभी राहिलेली बाई त्या जागेवर घण घालते. ही पिढ्यानपिढ्यांची रीत. सासूबाईंनीच मला पाठवलं. "बारावी शिकेल शे, पन हात चांगला शेतस," असं त्यांनी तुम्हाला सांगितल्याचं अक्कांनी मला नंतर हसून सांगितलं होतं.

पहिला आठवडा मी घण भलतीकडेच घातला. तुम्ही ओरडला नाहीत. फक्त टिचकी जरा मोठ्याने मारायला लागलात, बहिऱ्याला हाक मारावी तशी. महिन्याभरात माझा घण बरोबर पडायला लागला. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, असंच काम असायचं तेव्हा. पुढे ते सगळं बाजारात तयार मिळायला लागलं आणि भट्टी दिवसेंदिवस थंड राहायला लागली. तेव्हा हायस्कूलच्या एका गुरुजींनी नव्या घराच्या खिडकीसाठी वेलबुट्टीची जाळी मागितली. वेल्डिंगवाल्याकडची उभ्या-आडव्या सळ्यांची जाळी नको, म्हणाले, वेल पाहिजे. तुम्ही हो म्हणालात आणि मग दोन दिवस डोकं खाजवत बसलात, कारण आयुष्यभर तुम्ही कुऱ्हाड केली होती आणि आता तुम्हाला पान करायचं होतं.

तिथून तुमचं ते वेड सुरू झालं. पान धरायला सांडस नाही, म्हणून सांडस बदला. वेलाचा आकडा वळवायला पक्कड नाही, म्हणून पक्कड बदला. मी धुळ्याच्या बाजारातून चांगली कंपनीची नवीकोरी पक्कड आणली होती. लाल रबराच्या मुठीची. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर तुम्ही तिच्या जबड्यातले दात ग्राइंडरने घासून साफ गुळगुळीत केलेले! मी इतकी भांडले, इतकी भांडले, की रस्त्याने जाणारा पोस्टमन थांबला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग दोन पानं माझ्यासमोर ठेवलीत. एक दातांच्या पक्कडीने धरून वळवलेलं, एक बिनदातांच्या. "पानले दात लागनात तं ते पान नही, कोनी चावेल भाकर शे," म्हणालात. मी बघितलं. चावलेली भाकरच होती. तरी मी दोन दिवस रुसून होते, कारण पक्कड माझी होती ना.

पुढे तर मला सवयच झाली. एका पक्कडीचे जबडे तुम्ही कानशीने घासून गोल केलेत, काकडीच्या वेलाला येतो तसा बारीक आकडा त्याच्यावर वळवता यावा म्हणून. एकीच्या जबड्यात अर्धगोल खाच पाडलीत, गोल सळई त्यात फिरायची नाही म्हणून. एका सांडसाची टोकं उलटी बाहेर वळवलीत, म्हणजे फूल आतून धरता येईल आणि पाकळ्यांना धक्का लागणार नाही. आणि आमच्या घरातली सांडशी! चिमणीच्या पंखाचं ते बोटभर काम होतं, तुम्हाला काहीतरी नाजूक धरायला हवं होतं, आणि मी मूर्खासारखी स्वयंपाकघरातून सांडशी आणून दिली. तुम्ही तिचं तोंड ठोकून चोचीसारखं केलंत. इकडे सासूबाई चुलीपाशी ओरडतायत, "मनी सांडशी कोन लई गयं? दाय उतू चालनी!" मी पदराने डाळीचं पातेलं उतरवलं आणि हात भाजून घेतला. त्या सांडशीने पुढे भाताचं पातेलं कधी धरलं गेलं नाही, पण चिमण्या अजून होतात.

खंडेनवमीचं आठवतं का? सगळी हत्यारं मांडून तुम्ही हळदकुंकू वाहायचात, झेंडूची फुलं ठेवायचात, हात जोडून डोळे मिटून उभे राहायचात. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक सांडस भट्टीत. मी म्हणाले, अहो नाना, परवा पूजा केली त्याची. तुम्ही शांतपणे म्हणालात, "पूजा करी, आते इलाज करसू." असं तुमचं. देवळात दर्शन घ्यावं आणि लगेच देवाचा गुडघा तपासावा.

आता माझ्या सांडसाची गोष्ट.

अक्कांच्या वयाची माणसं अजून म्हणतात की बाईने घण मारावा, सांडस धरू नये. का, ते कोणी सांगत नाही. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मना बापले विचारतू तं बरं व्हतं." आणि भाता ओढायला लागलात. धुळ्याच्या एका बंगल्याचं जिन्याचं रेलिंग चाललं होतं आणि त्यातली पानं तुमच्यापेक्षा माझ्या डोक्यात जास्त स्पष्ट होती. मी टिचकीची वाट न बघताच घण घालायला लागले होते. एक दिवस तुम्ही हातोडी खाली ठेवलीत, उठलात आणि तुमची जागा मला दाखवलीत. सांडस माझ्या हातात दिलात.

मला तो धरवेना. तुमच्या पंजाच्या मापाचा, जाडजूड, अर्ध्या तासात मनगट भरून आलं. तुम्ही बघत होतात. "हाऊ सांडस तुना नही, मना शे," म्हणालात, आणि तेलाच्या डब्याचं झाकण माझ्यापुढे ठेवलंत. त्यावर मला पंजा पसरून ठेवायला लावलंत आणि खडूने त्याच्याभोवती रेघ ओढलीत. बांगड्या मध्ये येत होत्या म्हणून कुरकुरलात. कुठल्याही पुरुषाने माझ्या हाताचं माप असं घेतलं नव्हतं नाना, बांगड्या भरणाऱ्यानेही नाही. तो माप बघत नाही, दाबून बसवतो.

तुमच्या हातचे आधीचे सांडस सगळे साध्या लोखंडाचे. जड, पण निर्धास्त. तापले की आपण खुशाल पाण्याच्या टाकीत बुचकळायचो, चर्र आवाज यायचा, की परत कामाला. माझ्यासाठी तुम्हाला हलका, बारीक दांड्यांचा सांडस हवा होता, आणि साधं लोखंड इतकं बारीक केलं की वाकतं. म्हणून तुम्ही हायवेवरच्या गॅरेजमधून ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा आणलात. चार दिवस घेतलेत त्या एका सांडसाला. दांडे माझ्या बोटांच्या मापाने, आणि दांड्यांवरून पुढे सरकणारी एक कडी, म्हणजे वस्तू धरली की कडी ढकलायची, मग मुठीने आवळून धरायला नको. हातात घेतला तेव्हा मला हसू आलं. इतका तो माझा होता.

देताना तुम्ही एकच गोष्ट सांगितलीत, आणि दोनदा सांगितलीत. "हाऊ पाटाना शे. याले पानीमा बुचकाळू नको. राखमा ठेव, धीरे धीरे थंडा व्हऊ दे." पाट्याचं पोलाद लाल असताना पाण्यात गेलं की काचेसारखं ठिसूळ होतं, हे पोरालाही कळतं आपल्यात. मी हो म्हणाले. दहा वर्षं राखेतच ठेवला मी तो. या सांडसाने मी किती वेल केले, किती कमळं केली. पाहुणे यायचे, बघायचे की बाई बसली आहे आणि नाना उभे राहून घण मारतायत, आणि त्यांना आधी हसावं की आधी चहा मागावा हे कळायचं नाही. तुम्हाला त्याची मजा वाटायची. मुद्दाम मोठ्याने विचारायचात, "कोठे मारू, बाई?"

आपलं भांडण तर कधी संपलंच नाही. तुम्हाला काळं लोखंड हवं, तेल चोळलेलं. गिऱ्हाइकाला सोनेरी पानं हवीत. मी म्हणायचे, त्याचं घर आहे, त्याला बघायचंय. तुम्ही म्हणायचात, "लोखंड कायंच चांगलं दिसस. त्याले नवरदेव कसाले करस?" आणि तो मोर! धरणगावच्या शेठच्या आईंना फाटकावर मोर पाहिजे होता. गोड बाई, राजस्थानी वळणाचं मराठी बोलतात, माझ्या हातात बळेच सुपारी ठेवतात. तुम्ही साफ नाही म्हणालात. "लोखंडना मोर कितला बी चांगला कर, तो कोंबडाच दिसस." मी म्हणाले, मी करून दाखवते. तुम्ही म्हणालात, दाखव. त्याच फाटकाचं काम चालू होतं जेव्हा ते झालं.

मे महिना होता. भट्टीच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. सकाळपासून मोराच्या पिसाऱ्याची पिसं एकामागून एक, सांडस हातातून खाली ठेवायला सवड नाही. तोंडाकडे तो लाल झाला होता, दांडे हातात धरवत नव्हते. तुम्ही जेवायला घरात गेला होतात. आणि मी, काही विचार न करता, जुन्या सवयीने तो टाकीत बुचकळला. चर्र झालं. त्या आवाजाने मी भानावर आले. बाहेर काढून बघितला, कुठे चीर दिसली नाही. म्हटलं, काही झालं नसेल. परत तापवून राखेत ठेवला असता तरी तो कदाचित सुधारला असता. एवढं तुम्हीच शिकवलेलं मला येत होतं. पण तुम्ही हात पुसत बाहेर येत होतात, आणि मी तो तसाच पुसून खुंटीला लावला.

चार दिवसांनी, तुम्ही समोर घण घालत असताना, माझ्या हातात त्याचा जबडा तुटला. लाल सळई उडाली ती तुमच्या पायावर.  अक्का धावत आल्या, पाणी टाकलं, मी दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षा आणायला पळाले. परत आले तर तुम्ही भाजलेला पाय टाकीवर ठेवून, तुटलेला तुकडा डोळ्यांजवळ धरून बसला होतात. मला वाटलं, आता कळलं यांना. तुम्ही वर बघितलंत आणि म्हणालात, "मनी चूक शे, माय. घडतानाच कच्चा ऱ्हायना व्हई. मना हात आते ऱ्हायना नही."

तेव्हा बोलायला हवं होतं मला. त्याच क्षणी. मी का बोलले नाही, ते सांगते. बाहेर चार माणसं जमली होती, आणि त्यातला एकजण म्हणत होता की बाई सांडस धरायला बसली की असंच व्हायचं. मला वाटलं, मी कबूल केलं तर माझ्या हातातला सांडस कायमचा जाईल. फाटक माझ्या नावावर होतं, पहिल्यांदाच, नुसत्या माझ्या. मी म्हटलं, पाय बरा होऊ दे, मग सांगेन.

पाय बरा झाला. तुम्ही भट्टीवर आला नाहीत. ओट्यावर बसायला लागलात. कोणी सांडस बदलायला, पक्कड घासून द्यायला आलं तर म्हणायचात, मंगलकडे जा, मना हात गया. पन्नास वर्षांत तुम्ही जे बोलला नव्हतात ते रोज बोलायला लागलात. उजव्या हाताची बोटं उघडमीट करून बघायचात. मी सगळं बघत होते. फक्त मी एकटीच जाणत होते की त्या बोटांना काहीही झालेलं नाही.

फाटक पूर्ण झालं. मोर झाला. शेठच्या आईंनी त्याला हळदकुंकू लावलं. मी तुम्हाला म्हणाले, चला धरणगावला, बघायला. तुम्ही म्हणालात, पुढच्या आठवड्यात. मग पुढच्या. तुम्ही तो मोर बघितला नाहीत, आणि मला अजून माहीत नाही की तो मोर दिसतो की कोंबडा. लोक मोर म्हणतात. लोकांचं काय घेऊन बसायचं?

परवाचं सांगते. मांडवात धुळ्याहून तुमच्या ओळखीचे ते वेल्डिंगवाले बोलायला उभे राहिले. माणूस वाईट नाही. चांगलंच बोलत होते, तुमच्याकडून काय काय शिकले ते. शेवटी म्हणाले, "एवढा मोठा कारागीर, पण वयापुढे कोणाचं चालतं? शेवटी नानांचा हात गेला. त्यांनी घडवलेला सांडस त्यांच्यासमोरच मोडला." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. शंभर माना. तुमच्याबद्दलची शेवटची गोष्ट म्हणून ती सगळे घरी घेऊन जाणार होते.

मी बायकांमध्ये बसले होते. उठले. सासूबाईंनी पदर ओढला, तो मी सोडवून घेतला. म्हणाले, "नानांचा हात गेला नव्हता. तो सांडस पाट्याचा होता, दहा वर्षं चालला. मी तो लाल असताना पाण्यात बुचकळला. नानांनी दोनदा सांगितलं होतं, तरी बुचकळला. आणि आठ महिने कोणाला सांगितलं नाही. त्यांनाही नाही."

माझा आवाज मोठा आहे हे तुम्हाला माहीतच आहे. मांडवाच्या शेवटापर्यंत गेला. मागून कोणीतरी म्हणालंच, "मी सांगत व्हतू, बाईना हातमा सांडस देवाले नको व्हता." ज्याला मी आठ महिने घाबरले ते हेच वाक्य, आणि खरं सांगते, ऐकल्यावर मला काहीच वाटलं नाही. माशी बसावी तसं वाटलं.

पण अक्का उठल्या. भिंतीला धरून, सावकाश माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, जवळ घेतील. त्या म्हणाल्या, "म्हतारा आठ महिना ओटावर बठेल व्हता. तू रोज त्याले चहा देत व्हती. तवय तुनी जीभ कोठे व्हती?"

 पंगत बसली, लोक जेवले, मी मांडवाच्या खांबापाशी उभी होते. अक्कांनी मला जेवायला बस म्हटलं नाही.

त्यांना देता आलं नाही ते उत्तर तुम्हाला देते. मी लोकांना घाबरले असं मघाशी म्हटलं, ते अर्धंच खरं आहे. मी तुम्हाला घाबरले होते नाना. तुमचा विश्वास जाईल म्हणून. आणि आता या सगळ्याचा विचार करते तेव्हा मला नीट दिसतं की तुम्ही काय केलं असतं. तुम्ही मला दिवसभर शिव्या दिल्या असत्या, अक्कांसमोर, सासूबाईंसमोर, पोस्टमनसमोर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेवरून नवा पाटा घेऊन आला असता. तुमच्या एका दिवसाच्या शिव्या मला सोसवल्या नसत्या, म्हणून मी तुमचे आठ महिने घेतले.